हांगजो आणि पश्चिम सरोवर

हांगजो : (हांगचौ). चीनच्या जजिआंग प्रांताची राजधानी व ‘शी हू’ म्हणजे पश्चिम सरोवरासाठी जगप्रसिद्ध असलेले ऐतिहासिक नगर. लोकसंख्या १,१९,३६,०१० (२०२०, संपूर्ण प्रशासकीय क्षेत्र). शांघायच्या नैर्ऋत्येस सु. १७० किमी.वर, च्यांतांग नदीच्या मुखाजवळ, मुख्यत्वे तिच्या उत्तर तीरावर ते वसले आहे. बीजिंगपासून निघणाऱ्या ग्रँड कालव्याचे हे दक्षिण टोक होय. रेशीम, लुंगजिंग चहा व प्राचीन मंदिरे यांसाठीही ते विख्यात आहे. स्वर्गाला पृथ्वीवर तोड असेल, तर ती सूजो आणि हांगजो या दोन नगरांचीच, अशा आशयाची म्हण चीनमध्ये शेकडो वर्षे रूढ आहे.

हांगजोस जाणारा प्रवासी बहुधा सरोवर पाहण्यास जातो व ते निसर्गाचे दान समजून परततो. वस्तुतः निसर्गाने येथे केवळ एक उथळ खाजण निर्माण केले होते. ते गाळाने भरून जावे, त्यात पाणवनस्पती माजाव्यात आणि शेवटी त्याची शेते व्हावीत, हाच त्याचा स्वाभाविक क्रम होता. तो क्रम माणसांनी बाराशे वर्षांहून अधिक काळ पुन्हा पुन्हा रोखून धरला. या सरोवराचा इतिहास हा प्रामुख्याने गाळ उपसण्याचा इतिहास असून शहराचे जीवनही त्याच्याशी निगडित राहिले आहे.

भूरचना : सरोवराच्या उत्तर, पश्चिम व दक्षिण या तीन बाजूंना कमी उंचीच्या टेकड्या असून पूर्वेस शहर आहे. प्राचीन काळी येथे समुद्राचा एक लहानसा फाटा आत शिरलेला होता. च्यांतांग नदी व भरतीचे पाणी यांनी वाहून आणलेला गाळ त्याच्या मुखाशी साचत गेला आणि समुद्रापासून तुटलेले खाजण मागे राहिले. टेकड्यांतील झऱ्यांमुळे त्याचे पाणी हळूहळू गोडे झाले. आज सरोवराचे क्षेत्रफळ सु. ६·५ चौ. किमी., परीघ सु. १५ किमी. व सरासरी खोली सु. दोन ते अडीच मी. आहे. इतक्या थोड्या खोलीचा जलाशय झऱ्यांबरोबर येणाऱ्या मातीने फार लवकर भरून येतो. त्यातच पूर्वेकडील शहर ज्या भूमीवर उभे राहिले, ती समुद्राने सोडलेली खारवट भूमी होती. तेथे खणलेल्या विहिरींस मचूळ पाणी लागे. परिणामी सरोवर हे शहराचे भूषण होण्यापूर्वी त्याची तहान भागविणारे साधन होते, ही गोष्ट पुढील इतिहास समजण्यासाठी लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

प्राचीन काळ : शहराच्या वायव्येस ल्यांगजू येथील उत्खननांत इ. स. पू. सु. ३३०० ते २३०० या काळातील एका प्रगत संस्कृतीचे अवशेष मिळाले आहेत. भातशेती, जेड या मौल्यवान दगडावरील सुबक कोरीवकाम, तटबंदी आणि पाणी अडविण्यासाठी बांधलेले मातीचे बांध ही तिची वैशिष्ट्ये होत. पाण्याशी झुंज देत वस्ती करण्याची या प्रदेशातील परंपरा अशा रीतीने पाच हजार वर्षांइतकी जुनी ठरते. छिन साम्राज्याच्या काळात (इ. स. पू. तिसरे शतक) येथे च्यांतांग नावाचा तालुका स्थापन करण्यात आला. हांगजो हे नाव स्वै वंशाच्या राजवटीत इ. स. ५८९ मध्ये मिळाले व लौकरच शहरास तट बांधण्यात आला. इ. स. ६१० मध्ये ग्रँड कालवा येथवर आणण्यात आल्यामुळे दक्षिणेकडील तांदूळ व रेशीम उत्तरेस नेणाऱ्या जलमार्गाचे हे आरंभस्थान बनले आणि त्याच्या भरभराटीस सुरुवात झाली.

बौद्ध धर्म येथे त्यापूर्वीच पोहोचला होता. सरोवराच्या पश्चिमेकडील लिंगयिन मंदिराची स्थापना चौथ्या शतकात ह्वैली नावाच्या भारतीय भिक्षूने केली, अशी परंपरा आहे. मंदिरासमोरील चुनखडकाची टेकडी पाहताच त्याला मगधातील गृध्रकूट पर्वताची आठवण झाली व तो तेथून उडून आला असावा, असे उद्गार त्याने काढले, अशी आख्यायिका सांगतात. त्यावरून तिला ‘फेइलाइ फंग’ म्हणजे ‘उडून आलेले शिखर’ असे नाव पडले. दहाव्या ते चौदाव्या शतकांत तिच्या कड्यांवर व गुहांत शेकडो बौद्ध मूर्ती कोरण्यात आल्या.

तांग काळ : वाढत्या शहरास गोड्या पाण्याची टंचाई भासू लागली, तेव्हा ली मी या अधिकाऱ्याने (कार. ७८१–८४) सरोवराचे पाणी भूमिगत नळांतून शहरात आणले व ते साठविण्यासाठी सहा कुंड बांधले. ‘सहा विहिरी’ या नावाने ते ओळखले जातात. वस्ती खऱ्या अर्थाने शक्य झाली, ती या योजनेमुळे.

पुढे विख्यात कवी बाइ ज्यू-यी (पो चू-ई) हा ८२२ मध्ये येथे प्रांताधिकारी म्हणून आला. त्याने या कुंडांची साफसफाई केली आणि सरोवराची पातळी वाढविण्यासाठी बांध घातला. त्या पाण्यावर हजाराहून अधिक छिंग (सु. पाच हजार हेक्टर) भातशेती भिजू शकत असे. त्या काळी पाणी सोडण्यास काही स्थानिक अधिकाऱ्यांचा विरोध होता. पाणी उतरल्यास मासे मरतील, पाणवनस्पतींपासून मिळणारे उत्पन्न बुडेल, अशी कारणे ते पुढे करीत. मासे अधिक मोलाचे की माणसांचे प्राण, असा प्रश्न विचारून बाइने ती खोडून काढली. ८२४ मध्ये पदावरून जाताना त्याने सरोवरासंबंधीचे नियम एका शिलालेखात नोंदवून ठेवले. पातळी किती उतरविली असता किती जमीन भिजते, शेतकऱ्यांच्या अर्जावर त्वरेने निर्णय कसा घ्यावा, बांधाची निगा कशी राखावी, यांविषयीच्या सूचना त्यात आहेत. आपल्यानंतर येणाऱ्या अपरिचित अधिकाऱ्यांसाठी त्याने मागे ठेवलेला हा वारसा होता. त्याने बांधलेला बांध काळाच्या ओघात नाहीसा झाला. आज ‘बाइ बांध’ म्हणून ओळखला जाणारा मार्ग त्याच्या आधीचा असून कृतज्ञ नागरिकांनी पुढे त्यास त्याचे नाव दिले.

वूयुए राज्य : तांग साम्राज्याच्या विघटनानंतर छ्यान ल्यू (८५२–९३२) याने वूयुए राज्य स्थापन करून (९०७) हांगजो ही त्याची राजधानी केली. च्यांतांग नदीच्या मुखातून मोठ्या भरतीच्या वेळी पाण्याची उंच भिंत आत घुसते. या लाटेपासून शहराचे रक्षण करण्यासाठी ९१० मध्ये त्याने बांबूच्या पिंजऱ्यांत दगड भरून व त्यांना लाकडी खुंटांचा आधार देऊन समुद्रतट उभारला. लाट मागे हटविण्यासाठी त्याने धनुर्धाऱ्यांकडून तिच्यावर बाण सोडविले, अशी लोककथा आहे. सरोवरातील तण व गाळ काढण्यासाठी त्याने सु. एक हजार सैनिकांची स्वतंत्र तुकडी नेमली. सरोवर बुजवून त्या जागी राजवाडा बांधल्यास राज्य हजार वर्षे टिकेल, असा सल्ला त्याला एका ज्योतिष्याने दिला. परंतु पाण्यावाचून प्रजा जगणार नाही आणि प्रजेवाचून राजा असत नाही, या विचाराने त्याने तो मानला नाही, अशीही एक कथा प्रचलित आहे. तिची सत्यासत्यता काहीही असो. हांगजोच्या लोकांनी आपल्या राजाची ही आठवण जपून ठेवली, हे अर्थपूर्ण आहे.

या घराण्याचा शेवटचा राजा छ्यान छू हा निष्ठावान बौद्ध होता. सम्राट अशोकाने ८४,००० स्तूप उभारले, या भारतीय कथेचा आदर्श ठेवून त्याने धातूचे लहान लहान स्तूप घडवून घेतले व धारणी सूत्राच्या प्रती छापविल्या. लेइफंग, ल्यूहे इ. पॅगोडे त्याच्याच काळातील होत. ९७८ मध्ये त्याने युद्ध न करता आपले राज्य सुंग सम्राटाच्या स्वाधीन केले. त्यामुळे शहर विध्वंसापासून वाचले.

सू तुंग-पो याचे कार्य : उत्तर सुंग काळात सरोवराकडे दुर्लक्ष झाले. कवी, चित्रकार व प्रशासक सू तुंग-पो (सू शृ) हा १०७१–७४ मध्ये येथे दुय्यम अधिकारी होता. त्या वेळी सरोवराचा दोन-तीन दशांश भाग तणाने व्यापलेला होता. १०८९ मध्ये तो प्रमुख अधिकारी म्हणून परत आला, तेव्हा जवळजवळ निम्मे सरोवर बुजले होते. याच गतीने आणखी वीस वर्षांत ते संपूर्ण नाहीसे होईल, असा इशारा त्याने १०९० मध्ये दरबारास पाठविलेल्या निवेदनात दिला. निवेदनात त्याने सरोवराच्या सौंदर्याची भलावण न करता व्यावहारिक कारणे मांडली : नागरिकांचे पिण्याचे पाणी, शेतीचे सिंचन, कालव्यांतील नौकानयन, मद्यनिर्मितीवर सरकारला मिळणारा महसूल आणि सम्राटाच्या आयुरारोग्यासाठी सरोवरात जीव सोडण्याची धार्मिक प्रथा. मनुष्यास जसे डोळे, तसे हांगजोस हे सरोवर, अशी उपमाही त्याने योजिली.

पैशाची सोय त्याने चातुर्याने केली. बौद्ध भिक्षूंच्या दीक्षापत्रांस त्या काळी बाजारात किंमत येई, कारण दीक्षितास करांतून व वेठीतून सूट असे. अशी पत्रे दरबाराकडून मिळवून त्याने ती विकली व त्या रकमेतून मजूर लावले. त्या वर्षी अवर्षणामुळे अन्नधान्याची टंचाई असल्याने अनेकांना या कामावर पोटापुरते मिळाले. सु. दोन लाख श्रमदिवसांचे हे काम होते. उपसलेला गाळ टाकावा कोठे, हा प्रश्न उरला. तो काठावर वाहून नेण्याऐवजी सूने सरोवरातच दक्षिणोत्तर असा सु. २·८ किमी. लांबीचा बांध घातला, त्यावर सहा पूल बांधले आणि झाडे लावली. हाच सुप्रसिद्ध ‘सू बांध’ होय. चीनमधील सर्वांत रम्य मानला जाणारा हा मार्ग मुळात चिखलाची विल्हेवाट लावण्यासाठी निर्माण झाला.

तण पुन्हा माजू नये म्हणून त्याने काठालगतचे पाणी शिंगाड्याच्या लागवडीसाठी खंडाने दिले. शिंगाडा लावणारा शेतकरी आपल्या वाफ्यातील तण स्वतःच्या हितासाठी मुळासकट काढतो व खंडाच्या रकमेतून पुढील सफाईचा खर्चही भागतो, असा त्यामागील हिशेब होता. मात्र ही लागवड मध्यापर्यंत पसरू नये, यासाठी सरोवरात तीन लहान दगडी मनोरे उभारून हद्द आखण्यात आली. त्यांची जागा घेणारे आजचे मनोरे सतराव्या शतकातील आहेत. त्यांच्या छिद्रांतून दिव्यांचा प्रकाश पाण्यावर पडतो आणि चंद्रबिंबांचा भास होतो. ‘तीन तळ्यांतील चंद्रप्रतिबिंब’ या नावाचे ते दृश्य चीनच्या एक युआनच्या नोटेवर छापलेले आहे. लक्षावधी लोकांच्या खिशात असलेले हे चित्र मूलतः शिंगाड्याच्या शेतीची सीमा दाखविणाऱ्या खुणांचे आहे.

सुंगांची राजधानी : ११२७ मध्ये जुर्चेन लोकांच्या चिन राज्याने सुंगांची कायफंग ही राजधानी जिंकून दोन सम्राटांस बंदी केले. राजपुत्र गावत्सुंग दक्षिणेस निसटला आणि ११३८ मध्ये त्याने हांगजो येथे आपले आसन स्थिर केले. शहरास लिन-आन असे नाव देण्यात आले होते. परंतु दरबारी भाषेत ते ‘सम्राटाचे तात्पुरते निवासस्थान’ असेच राहिले. उत्तर परत मिळविण्याची आशा या नावात जिवंत ठेवली होती. प्रत्यक्षात मात्र तहाचे धोरण प्रबळ ठरले. उत्तरेत विजय मिळवीत असलेल्या युए फेइ या सेनापतीस परत बोलावून ११४२ च्या आरंभी तुरुंगात ठार मारण्यात आले. पुढे तो निर्दोष ठरून सरोवराकाठी त्याची समाधी झाली. त्याच्या मृत्यूस कारणीभूत झालेला मंत्री छिन हुई, त्याची पत्नी व दोन साथीदार यांचे गुडघे टेकलेले लोखंडी पुतळे समाधीसमोर ठेवलेले आहेत. शतकानुशतके प्रवासी त्यांचा धिक्कार करीत आले आहेत.

‘तात्पुरत्या’ राजधानीत दरबार सु. १३८ वर्षे राहिला. १२६५–७४ या काळातील नोंदीनुसार लिन-आन विभागात ३,९१,२५९ कुटुंबे व १२,४०,७६० माणसे होती. तत्कालीन जगातील सर्वांत मोठ्या शहरांत त्याची गणना होते. रात्री उशिरापर्यंत चालणारे बाजार, उपाहारगृहे, नाट्यगृहे, पुस्तकांची दुकाने यांनी ते गजबजलेले असे. दाट लाकडी वस्तीमुळे १२०१ व १२३७ मध्ये भीषण आगी लागल्या. सरोवराच्या रक्षणासाठी सैनिक नेमलेले होते आणि त्यात घाण टाकण्यास बंदी होती. ‘पश्चिम सरोवराची दहा दृश्ये’ ही प्रसिद्ध यादी व तिच्यावर आधारित चित्रांची परंपरा याच काळात सुरू झाली. मा युआन व शिया ग्वै हे चिनी निसर्गचित्रकलेतील श्रेष्ठ चित्रकार या दरबारात होते. मुद्रणकलेच्या क्षेत्रातही हांगजोचे स्थान अग्रगण्य होते. बी शंगच्या सुट्या खिळ्यांच्या शोधाची नोंद करून ठेवणारा शास्त्रज्ञ शन क्वो (१०३१–९५) याचे मूळ गाव हेच होय.

१२७६ मध्ये बायान या सेनापतीच्या नेतृत्वाखाली मंगोल सैन्य शहराजवळ येऊन ठेपले, तेव्हा बालसम्राटाच्या वतीने राजमाता श्ये हिने शरणागती पत्करली. शहर पुन्हा एकदा विध्वंसातून बचावले.

परकीय प्रवासी : मंगोल अमदानीत आलेल्या पश्चिमेकडील प्रवाशांनी हांगजोची कीर्ती जगभर नेली. मार्को पोलोने (१२५४–१३२४) त्यास ‘किन्साय’ म्हटले असून ते जगातील सर्वांत उत्कृष्ट व वैभवशाली नगर असल्याचे नमूद केले आहे. त्याने दिलेली १२,००० पुलांची संख्या अतिशयोक्त मानली जाते; परंतु फरसबंद रस्ते, स्नानगृहे, दहा मोठे बाजार आणि सरोवरातील क्रीडानौका यांची वर्णने चिनी नोंदींशी बऱ्याच प्रमाणात जुळतात. शहरात रोज ४३ भार मिरी खपते, असे त्याने एका जकात अधिकाऱ्याच्या आधारे लिहिले आहे. मिरीच्या या व्यापाराचे एक प्रमुख उगमस्थान भारताचा मलबार किनारा होते. फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक पोर्देनोनेचा ओडोरिक १३२० नंतरच्या दशकात येथे आला. इब्न बतूता (१३०४–६८/६९) याने आपल्या प्रवासवर्णनात हे आपण पाहिलेले सर्वांत मोठे शहर असल्याचे सांगितले असून तेथील मुस्लिम वस्तीची माहिती दिली आहे. शहरातील फिनिक्स मशीद या वस्तीची साक्ष देते.

या प्रवाशांनी जे वैभव पाहिले, ते मागील तीन-चार शतकांच्या निगराणीचे फळ होते. त्याच वेळी ती निगराणी थांबलेली होती, हे त्यांच्या ध्यानी येण्याचे कारण नव्हते.

उपेक्षा व पुनरुद्धार : सुंगांचे राज्य सरोवरावरील विलासापायी बुडाले, अशी समजूत होऊन युआन राजवटीने सरोवराची निगा सोडून दिली, असे पुढील चिनी लेखकांनी म्हटले आहे. काठावरील धनिक कुटुंबांनी उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनी बळकाविल्या. मिंग काळाच्या पूर्वार्धापर्यंत सू बांधाच्या पश्चिमेकडील बहुतेक भागात शेते व डबकी झाली होती आणि पूर्वेस पाण्याचा केवळ एक पट्टा उरला होता.

१५०३ मध्ये नेमणूक झालेल्या यांग मंग-यिंग या प्रांताधिकाऱ्याने सरोवर मूळ स्वरूपात आणण्याचा आग्रह धरला. बळकाविलेल्या जमिनी धनिकांच्या ताब्यात असल्याने विरोध तीव्र होता. अखेर १५०८ मध्ये संमती मिळून काम सुरू झाले. ते १५२ दिवस चालले. त्यास ६७ लक्ष श्रमदिवस लागले, २३,६०७ त्येल चांदी खर्च झाली आणि ३,४८१ मू (सु. २०० हेक्टर) अतिक्रमित क्षेत्र मोकळे करण्यात आले. उपसलेल्या गाळाने सू बांध उंच व रुंद करण्यात आला आणि त्याच्या पश्चिमेस ‘यांग बांध’ घालण्यात आला. ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या तक्रारी दरबारात पोहोचून यांग यास पदावनती सोसावी लागली. बाइ व सू हे थोर कवी असल्याने त्यांची नावे सर्वतोमुखी झाली. यांगची ख्याती तेवढी नाही. तथापि आज दिसणारे सरोवर प्रामुख्याने त्याने वाचविलेले आहे.

छिंग (मांचू) काळ : १६४४ नंतरच्या सत्तांतराच्या धामधुमीत सरोवराकाठची अनेक उद्याने व घरे उद्ध्वस्त झाली. त्यांच्या आठवणी जांग दाइ या लेखकाने १६७१ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात जतन केल्या आहेत. विजेत्यांनी सरोवराच्या बाजूस तटबंदीची छावणी उभारली. तिच्यामुळे शहर व सरोवर यांच्यामध्ये अडीचशे वर्षे एक भिंत उभी राहिली. सम्राट कांगशी याने १६८९ ते १७०७ या काळात पाच वेळा व छ्यानलुंग याने १७५१ ते १७८४ या काळात सहा वेळा हांगजोस भेट दिली. दहा दृश्यांची कांगशीच्या हस्ताक्षरातील नावे शिलाफलकांवर कोरण्यात आली. बीजिंग येथील उन्हाळी राजवाड्यातील कुनमिंग सरोवर व त्याचा सहा पुलांचा पश्चिम बांध छ्यानलुंगने हांगजोच्या धर्तीवर करविला. १८०० च्या सुमारास रुआन युआन या राज्यपालाने गाळ उपसला व त्या गाळाचे एक लहान बेट केले.

ताइपिंग बंडाच्या काळात शहराची अपरिमित हानी झाली. मार्च १८६० मध्ये ते काही दिवस व डिसेंबर १८६१ ते मार्च १८६४ या काळात बंडखोरांच्या हाती होते. वेढ्यातील उपासमार व कत्तल यांत असंख्य लोक मृत्युमुखी पडले. सरोवराकाठच्या वनलान ग्रंथालयातील सम्राटाच्या प्रचंड ग्रंथसंग्रहाची प्रत विखुरली गेली. तिची पाने बाजारात जिन्नस बांधण्यासाठी वापरली जात असल्याचे डिंग शन व डिंग बिंग या बंधूंच्या लक्षात आले. त्यांनी ती गोळा करून हजारो खंड वाचविले व गहाळ खंडांच्या नकला करून घेतल्या.

आधुनिक काळ : १८९५ च्या शिमोनोसेकी तहान्वये हांगजो परदेशी व्यापारास खुले झाले. १९०९ मध्ये शांघायशी लोहमार्गाने जोडले गेल्यावर प्रवाशांची संख्या वाढली. राजेशाहीच्या अंतानंतर मांचू छावणीची भिंत पाडण्यात आली (१९१२–१३) व शहर सरोवराच्या काठाशी येऊन मिळाले. २५ सप्टेंबर १९२४ रोजी लेइफंग पॅगोडा कोसळला. त्याच्या विटा शुभ मानून लोक वर्षानुवर्षे काढून नेत असत. पडलेल्या विटांच्या पोकळीत छ्यान छू याने ९७५ मध्ये छापविलेली सूत्रे सापडली. जपानी सैन्याची आगेकूच रोखण्यासाठी च्यांतांग नदीवरील नवा पूल बांधून होताच २३ डिसेंबर १९३७ रोजी तो बांधणारे अभियंते माओ यी-शंग यांच्याच उपस्थितीत उडवून देण्यात आला; दुसऱ्या दिवशी शहर पडले. जपानी अंमल १९४५ पर्यंत टिकला.

मे १९४९ मध्ये साम्यवादी सैन्य शहरात आले, त्या सुमारास सरोवराची सरासरी खोली केवळ सु. ०·५५ मी. उरली होती, म्हणजे सूच्या काळची स्थिती पुन्हा उद्भवली होती. १९५२–५८ या काळात सु. ७२ लक्ष घ. मी. गाळ काढून खोली सु. १·८ मी. करण्यात आली व सभोवारच्या उघड्या टेकड्यांवर वृक्षारोपण झाले. सांस्कृतिक क्रांतीत (१९६६–७६) युए फेइची समाधी उद्ध्वस्त करण्यात आली. तिचा जीर्णोद्धार १९७९ मध्ये झाला. फेब्रुवारी १९७२ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी येथे भेट दिली. ‘शांघाय निवेदना’च्या मसुद्यावरील वाटाघाटी याच शहरात झाल्या.

१९८६ पासून च्यांतांग नदीचे पाणी सरोवरात आणले जाऊ लागले. २००३ पर्यंत पश्चिमेकडील बुजलेला भाग पुन्हा पाण्याखाली आणण्यात आला. त्यामुळे क्षेत्रफळ सु. ५·६ चौ. किमी.वरून सु. ६·५ चौ. किमी. झाले आणि मोटारींचा रस्ता बनलेला यांग बांध पुन्हा पुलांसह प्रकट झाला. काठावरील उद्यानांचे प्रवेशशुल्क २००२ पासून रद्द करण्यात येऊ लागले. युनेस्कोने पश्चिम सरोवराचा २०११, ग्रँड कालव्याचा २०१४ व ल्यांगजूचा २०१९ मध्ये जागतिक वारसास्थळांत समावेश केला. सप्टेंबर २०१६ मध्ये जी-२० राष्ट्रप्रमुखांची परिषद येथे भरली. २०२३ मध्ये येथे झालेल्या १९व्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारताने १०७ पदके मिळविली. बीडच्या अविनाश साबळे यांनी ३,००० मी. अडथळ्यांच्या शर्यतीत, तर नागपूरच्या ओजस देवतळे यांनी तिरंदाजीत सुवर्णपदक पटकाविले.

प्रेक्षणीय स्थळे : सरोवराची ओळख पायीच उत्तम होते. ईशान्येकडील दुआनछ्याओ (भंगलेला पूल) येथून बाइ बांधाने गेल्यास गूशान बेट लागते. तेथे प्रांतिक संग्रहालय, वनलान ग्रंथालय व १९०४ मध्ये स्थापन झालेली मुद्राकोरकांची संस्था आहे. मेइ वृक्षांस पत्नी व क्रौंचांस अपत्ये मानून एकाकी राहिलेला कवी लिन बू (९६७–१०२८) याच बेटावर राहिला. पुढे युए फेइचे मंदिर व तेथून दक्षिणेस जाणारा सू बांध आहे. त्याच्या दक्षिण टोकाजवळ २००२ मध्ये पुन्हा बांधलेला लेइफंग पॅगोडा दिसतो. त्याच्याखाली कोंडलेल्या श्वेत नागिणीची प्रेमकथा चीनमध्ये सर्वपरिचित आहे. नावेने शियाओयिंगजो या बेटावर जाता येते. पश्चिमेस लिंगयिन मंदिर व फेइलाइ फंग, नैर्ऋत्येस लुंगजिंगचे चहाचे मळे आणि दक्षिणेस नदीकाठी ल्यूहे पॅगोडा आहे. बाहेरून १३ मजल्यांचा दिसणारा हा पॅगोडा आतून सात मजल्यांचा आहे. चिनी पंचांगातील आठव्या महिन्याच्या १८व्या दिवशी नदीत येणारी भरतीची लाट पाहण्यासाठी जवळच्या हायनिंग येथे मोठी गर्दी लोटते. वसंत ऋतू व शरद ऋतू हे येथील उत्तम काळ होत. शरदात ओस्मॅन्थसच्या फुलांचा सुगंध सर्वत्र दरवळतो.

पहाटे बांधावर फिरणाऱ्यास पाण्यावरील पाने व कचरा वेचणाऱ्या होड्या हमखास दिसतात. दहाव्या शतकातील छ्यान ल्यूच्या सैनिकांचे आणि अकराव्या शतकातील शिंगाडा लावणाऱ्या शेतकऱ्यांचे काम त्या आज पुढे चालवीत आहेत. हांगजोच्या इतिहासात राजवंश आले व गेले, राजधानी झाली व मोडली. परंतु जेव्हा जेव्हा हे काम एक-दोन पिढ्या थांबले, तेव्हा तेव्हा सरोवर नाहीसे होऊ लागले, असे आढळून येते.